तळटीपेतलं माकड

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात, पहिल्याच तळटीपेत, एक माकड बसलेलं आहे. शेजारी मांजर. समोर विस्तव, आणि विस्तवात भाजायला टाकलेले चेस्टनट. (चेस्टनट कधी खाल्ले नसतील तर भुईमुगाच्या शेंगा समजा, गोष्टीचं काही बिघडत नाही.) माकड मांजरीची तोंडभरून स्तुती करतं. मांजर हुरळते, विस्तवात पंजा घालते, एकेक चेस्टनट बाहेर ओढते, पंजा भाजून घेते. तोवर माल माकडाच्या पोटात गेलेला असतो.

निकाल १ मार्च २०११चा, ‘स्टॉब विरुद्ध प्रॉक्टर हॉस्पिटल’. लिहिला आहे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी. प्रश्न तसा रुक्ष आहे. नोकरी सांभाळून लष्कराच्या राखीव दलात असलेल्या एका माणसावर त्याचे साहेब खार खाऊन होते. त्यांनी त्याच्यावर ठपके ठेवले. त्या ठपक्यांवर विसंबून एचआरने त्याला काढून टाकलं. एचआरच्या मनात आकस नव्हता. मग हॉस्पिटल जबाबदार धरायचं की नाही? कायद्याच्या वर्गात हा निकाल त्यातल्या तत्त्वासाठी शिकवतात. मला तो गोष्ट सांगण्याच्या पद्धतीसाठी वाचावासा वाटतो. शेवटी निकाल हेही गद्यच असतं. त्यात पात्रं असतात, निवेदक असतो, आणि निवेदक काय सांगायचं टाळतो हेही असतं. शिवाय हा निकाल छोटा आहे. फोनवर पीडीएफ उघडली तर लोकलच्या एका फेरीत वाचून होतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. रिझर्व्हिस्ट म्हणजे अर्धवेळ सैनिक. एरवी तो बँकेत, दवाखान्यात, गोदामात तुमच्या-माझ्यासारखी नोकरी करतो. महिन्यातला एक शनिवार-रविवार कवायत, वर्षातून दोन-तीन आठवडे पूर्णवेळ प्रशिक्षण, आणि बोलावणं आलं की महिनोन्‌महिने रवानगी. अमेरिकेत १९९४चा एक कायदा आहे, त्याच्या नावातल्या आद्याक्षरांवरून त्याला ‘युसेरा’ म्हणतात. तो मालकाला सांगतो: या माणसाला जाऊ द्या, साधारण पाच वर्षांपर्यंतची गैरहजेरी झाली तरी परत कामावर घ्या, आणि तो सैनिक आहे म्हणून त्याच्याशी दुजाभाव करू नका. तो बाहेर असतानाचा पगार द्याच, असं मात्र हा कायदा मालकाला सांगत नाही.

आता गोष्ट. स्टॉब हा इलिनॉय राज्यातल्या पिओरिया शहरात १९९०पासून अँजिओग्राफी टेक्निशियन होता. त्याच्या लगतच्या साहेबीण बाईंना त्याच्या कवायतीचा जाच व्हायचा. त्या त्याला पूर्वसूचना न देता जादा ड्युट्या लावायच्या. कारण काय, तर हा कवायतीला जातो तेव्हा बाकीच्यांना ओढाताण करून त्याची जागा भरावी लागते, त्याची परतफेड त्याने केलीच पाहिजे. एका सहकाऱ्याला तर त्यांनी सरळ सांगितलं, याला घालवायला मला मदत कर. त्यांच्या वरच्या साहेबांच्या मते ही कवायत म्हणजे सिगरेटी फुंकत केलेली टवाळी आणि करदात्यांच्या पैशाची नासाडी होती. जानेवारी २००४मध्ये स्टॉबला लेखी ताकीद मिळाली: पेशंट नसताना कामाची जागा सोडलीस, यापुढे हाताशी काम नसेल तेव्हा साहेबांकडे येऊन सांगायचं. असा नियमच नव्हता, असं स्टॉबचं म्हणणं. एप्रिलमध्ये वरच्या साहेबांनी एचआरच्या बाईंना कळवलं की हा पुन्हा न सांगता जागेवरून गेला. स्टॉब म्हणतो, मी व्हॉइसमेल ठेवला होता. एचआरच्या बाईंनी त्याची फाइल चाळली आणि त्याला काढून टाकलं. त्याने तक्रार केली की ती ताकीदच आकसातून रचलेली आहे. बाईंनी ताकीद देणाऱ्या साहेबीण बाईंना त्याबद्दल विचारलंसुद्धा नाही.

ज्यूरीने स्टॉबच्या बाजूने कौल दिला, भरपाई ५७,६४० डॉलर. अपील न्यायालयाने तो उलटवला: एचआरने स्वतः फाइल पाहिली होती, डोळे झाकून साहेबांचं ऐकलं नव्हतं, म्हणून आकसाची साखळी तिथे तुटली. सर्वोच्च न्यायालयाने हे मानलं नाही. साहेबाने आकसातून, नोकरीवर घाव बसावा याच हेतूने काही केलं असेल आणि तो घाव बसण्यामागे ते निकटचं कारण ठरलं असेल, तर मधे एक निष्पाप सही आली म्हणून मालक सुटत नाही. एकाही न्यायमूर्तीने याच्या विरोधात मत दिलं नाही.

तत्त्व म्हणून उत्तम. आपल्याकडे ज्याला दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं म्हणतात, त्यावरचा हा इलाज आहे. अमेरिकेच्या कायद्यात त्याला ‘मांजरीचा पंजा’ म्हणतात, आणि माकडाची गोष्ट सांगायची वेळ येते ती त्यामुळेच. स्कालिया सांगतात, ही कल्पना इसापची, १६७९मध्ये ला फाँतेनने ती पद्यात आणली आणि १९९०मध्ये न्यायमूर्ती रिचर्ड पोझनर यांनी ती नोकरीतल्या भेदभावाच्या कायद्यात टोचली. (इसापचं नाव इथे सवयीने आलंय. जुन्या ग्रीक-लॅटिन संग्रहांत ही गोष्ट सापडत नाही, ती शेकडो वर्षं नंतरची. पण कुठलीही प्राण्यांची गोष्ट इसापच्या नावावर खपवायची खोड फक्त आपल्या शाळांनाच नाही, हे वाचून बरं वाटलं.)

खरी गंमत पुढे आहे. ही उपमा खटल्याला लावून बघा. माकड कोण? आकस धरणारे साहेब. मांजर कोण? त्यांच्या सांगण्यावरून सही करणाऱ्या एचआरच्या बाई. मग स्टॉब कोण?

स्टॉब चेस्टनट आहे.

म्हणजे ज्याच्या नोकरीसाठी हा सगळा खटाटोप, तो गोष्टीत प्राणीसुद्धा नाही. त्याला कोणी फसवत नाही, त्याला कोणी हुरळवत नाही, तो फक्त विस्तवातून ओढून काढायची वस्तू आहे. हे मी उपमा ताणून म्हणत नाही. निकालाचं निवेदनही तसंच आहे. लक्षात राहतील असे संवाद सगळे साहेबांना मिळालेत: ती परतफेडीची भाषा, ती सिगरेटी आणि टवाळीची भाषा. स्टॉबच्या वाट्याला आलाय तो व्हॉइसमेल, जो त्याने ठेवला असं तो म्हणतो आणि जो आपल्याला ऐकू येत नाही. चौदा वर्षं अँजिओग्राफी करणारा हा माणूस महिन्यातला एक शनिवार-रविवार वर्दी घालायला का जात होता, याबद्दल एक ओळ नाही. निकालात ती असण्याची गरज नसते, हे मान्य. पण निकालात माकडाची तरी काय गरज होती?

त्याच तळटीपेत स्कालिया आणखी एक गोष्ट सांगतात आणि लगेच कंसात झटकून टाकतात. ला फाँतेनच्या गोष्टीला शेवटी एक शेपूट आहे. ही मांजर, तो म्हणतो, त्या राजपुत्रांसारखी आहे, जे राजाने पाठ थोपटली म्हणून दूर प्रांतांत जाऊन होरपळतात. फायदा राजाचा, यांच्या हाती काही नाही. चौदाव्या लुईच्या फ्रान्समध्ये, हॉलंडबरोबरचं मोठं युद्ध नुकतंच संपलेलं असताना हे छापलं गेलं. स्कालिया हे शेपूट प्रामाणिकपणे नोंदवतात आणि शेरा मारतात की नोकरीच्या कायद्याशी याचा संबंध असलाच तर अगदी काठाकाठाने.

मला हा शेरा पहिल्यांदा वाचला तेव्हा हसू आलं. स्कालियांचा विनोद कोरडा असतो आणि तो आवडतो. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा वाटलं, अहो, हाच तर खटला आहे! समोर उभा असलेला माणूस राजाच्या चाकरीवरून आलाय आणि त्याची नोकरी गेली आहे. स्टॉबला चेस्टनटच्या जागेवरून उठवून मांजरीच्या जागी बसवणारं एकच वाक्य या गोष्टीत आहे, आणि न्यायालय तेवढंच वाक्य बाजूला ठेवतं.

कारण उघड आहे. ते वाक्य आत घेतलं की माकड बदलतं. मग माकड पिओरियातले दोन साहेब राहत नाहीत. पाठ थोपटून पाठवणारा, आणि रिकाम्या जागेचा हिशोब दुसऱ्या कोणाकडे सोडून देणारा, तो माकड होतो. आणि तो म्हणजे ज्याच्या नावाने न्यायालय बसलंय तो.

या प्रकारच्या खटल्यांत दुसरी एक प्रसिद्ध प्रतिमा आहे, आणि ती प्राण्यांची नाही, यंत्राची आहे. १९४६मध्ये न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी गोदीतल्या एका वेल्डरच्या खटल्यात लिहिलं की परत आलेला सैनिक सेवाज्येष्ठतेच्या सरकत्या जिन्यावर पुन्हा चढतो, तो जिथे उतरला त्या पायरीवर नाही, तर मधल्या काळात तिथेच उभा राहिला असता तर जिथवर पोचला असता त्या पायरीवर. आजही ‘युसेरा’ समजावताना हाच एस्कलेटर दाखवतात. प्रतिमा खरंच सुंदर आहे. मॉलमध्ये गेलेल्या कोणालाही दोन सेकंदांत कळते. कमी लोक सांगतात ते हे, की तो वेल्डर खटला हरला होता. मंदीच्या दिवसांत त्याला घरी बसवून त्याच्यापेक्षा जुन्या, युद्धावर न गेलेल्या कामगारांना काम दिलं गेलं, आणि न्यायालय म्हणालं, जिना तुला तुझ्या पायरीवर आणेल, इतरांच्या डोक्यावर नाही.

त्याच वर्षी, त्या निकालानंतर काही महिन्यांनी, विल्यम वायलरचा ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ज’ आला. निकालांच्या चर्चेत सिनेमा आणतोय, कारण मालक नावाचं पात्र मला यातल्या एका प्रसंगाइतकं नीट लिहिलेलं क्वचितच दिसलंय. फ्रेड डेरी हा बॉम्बर विमानातला कॅप्टन घरी परततो. युद्धाआधी तो औषधाच्या दुकानातल्या सोडा फाउंटनवर काम करायचा. तो दुकानात जातो. दुकान तेच आहे पण मालक बदललाय, आता ते एका साखळी कंपनीचं आहे. मॅनेजर अत्यंत सभ्य आहे. तो फ्रेडचं कौतुक करतो आणि मग त्याच सुरात सांगतो की धंदा विकला गेलेला असल्यामुळे तुमची जुनी नोकरी परत द्यायचं कायदेशीर बंधन आमच्यावर नाही. एस्कलेटर पोचला असता तिथे पोचायचा प्रश्नच नाही, एस्कलेटरच उखडून नेलाय. शेवटी फ्रेडला जी नोकरी मिळते ती आठवड्याला साडेबत्तीस डॉलरची, आणि साहेब असतो तो पोरगा, जो पूर्वी फ्रेडच्या हाताखाली होता.

वायलर हा प्रसंग ओरडून सांगत नाही. मॅनेजरला खलनायक करत नाही. आणि त्याने एक बारीक गोष्ट पेरली आहे: दुकानात फ्रेडला पाहून नोकरांपैकी एकाच्या तोंडून निघून जातं की हे फौजी असे येत राहिले तर कोणाचीच नोकरी सुरक्षित नाही. एवढंच. कॅमेरा पुढे जातो. पण त्या एका पुटपुटण्यात जे आहे ते स्टॉबच्या अख्ख्या निकालात नाही. आकस हा फक्त वाईट माणसांच्या काळजात उगवत नाही, तो रोस्टरमध्येही उगवतो. (मॅनेजरची ती कायदेशीर पळवाट आज चालली नसती, बरं का. ‘युसेरा’मध्ये धंदा पुढे चालवणारा नवा मालकही ‘मालक’च धरला जातो.)

एस्कलेटरची कल्पना आपल्याकडेही आहे, फक्त प्रतिमेशिवाय. प्रादेशिक सेना, म्हणजे टेरिटोरियल आर्मी, १९४८च्या कायद्याने उभी राहिली. कोल्हापुरात मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिची बटालियन आहे. त्या कायद्यातलं ७-अ हे कलम नोकरीवर परत घेण्याबद्दल आहे: सेवा संपवून आलेल्या माणसाला, नोकरीत खंड पडला नसता तर ज्या अटी त्याला लागू झाल्या असत्या, त्यांहून कमी नाहीत अशा अटींवर मालकाने परत घ्यावं. ‘खंड पडला नसता तर’ या चार शब्दांत डग्लसचा अख्खा जिना बसलाय. मालकाला जमत नसेल तर ठरलेल्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तो अधिकारी मालकाला सूट देऊ शकतो, परत घ्यायला लावू शकतो, किंवा सहा महिन्यांच्या पगारापर्यंतच्या भरपाईवर मिटवू शकतो.

मे २०२५मध्ये केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेला बोलावण्याचे अधिकार दिले, तेव्हा आपण सगळ्यांनी फोनवर काय वाचलं ते आठवा. मानद लेफ्टनंट कर्नल धोनी जाणार का? ज्याच्या गैरहजेरीत कोणाला जादा ड्युटी करावी लागत नाही, अशा माणसाबद्दलच आपल्याला कुतूहल वाटलं. ७-अबद्दलची एक पोस्ट माझ्या टाइमलाइनवर आली नाही. मीही टाकली नाही. तेव्हा मलाही ते कलम माहीत नव्हतं.

आता पुन्हा त्या झटकलेल्या शेपटाकडे. मालक खासगी हॉस्पिटल असेल तर राजा पडद्यामागे राहू शकतो. पण सरकारच मालक असेल तर? असे दोन निकाल अलीकडे आले आणि दोन्ही मी त्या राजपुत्रांच्या ओळीशेजारी ठेवून वाचले.

पहिला २०२२चा, टेक्सास राज्याच्या पोलिसाचा. राखीव दलातून तो इराकला गेला, तिथे कचरा जाळायच्या खड्ड्यांच्या धुराने त्याची फुप्फुसं कायमची बिघडली. परत आल्यावर तो म्हणाला, गस्तीचं काम आता झेपणार नाही, दुसरं काम द्या. राज्याने ते दिलं नाही, आणि न्यायालयात भूमिका घेतली की आम्ही सार्वभौम राज्य आहोत, आमच्यावर असा दावाच करता येत नाही. इथे विस्तव, धूर आणि राजा तिन्ही अक्षरशः हजर आहेत, गोष्ट सांगायची गरजच उरत नाही. न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी पाच विरुद्ध चार मतांनी लिहिलं की देश म्हणून एकत्र येतानाच राज्यांनी युद्ध आणि सैन्य यांबाबतीत ही ढाल खाली ठेवली होती. निकाल पटतो. गद्य मात्र सगळं १७८७च्या घटनासभेत रमलंय, धुराला त्यात चार-दोन वाक्यं मिळतात.

दुसरा ३० एप्रिल २०२५चा, आणि हा भाषाप्रेमींनी मुद्दाम वाचावा असा. एक हवाई वाहतूक नियंत्रक, केंद्र सरकारचा नोकर, तटरक्षक दलाचा रिझर्व्हिस्ट. बोलावणं आलं, तो गेला. केंद्राच्या नोकरांसाठी वेगळा नियम आहे: लष्करातला पगार मूळ पगाराहून कमी असेल तर ठरावीक परिस्थितीत सरकार फरक भरून देतं. त्यातली एक परिस्थिती म्हणजे ‘राष्ट्रीय आणीबाणीच्या काळात’ बोलावलं जाणं. सगळा खटला ‘काळात’ या एका शब्दावर. सरकार म्हणालं, नुसता काळ जुळून चालणार नाही, तुमच्या कामाचा त्या आणीबाणीशी प्रत्यक्ष संबंध हवा. न्यायमूर्ती नील गॉर्सच म्हणाले, ‘काळात’ म्हणजे काळात. पुन्हा पाच विरुद्ध चार, आणि विरोधी चौघांत एरवी एका बाजूला न दिसणारे थॉमस, अलिटो, केगन आणि जॅक्सन एकत्र. स्वतः पाठवलेल्या माणसाला पगारातला फरक देऊ नये म्हणून एका साध्या शब्दात नसलेला अर्थ भरायला सरकारी वकील उभा राहतो, हे दृश्य ला फाँतेनला नवीन वाटलं नसतं. गॉर्सच यांचं लिखाण इथे स्वच्छ आहे. ते शब्दाला शब्द राहू देतात, सजवत नाहीत. या सगळ्या निकालांत मला सगळ्यांत कमी हुशार आणि सगळ्यांत नीट लिहिलेला हाच वाटतो.

तरीही परत परत वाचतो तो स्टॉबचाच. त्यातल्या दोन तळटीपांमुळे. पहिली माकडाची. दुसरी चौथ्या क्रमांकाची, जिच्याकडे सहसा कोणी बघत नाही. तिथे स्कालिया म्हणतात, आकस साहेबाचा नसून बरोबरीच्या सहकाऱ्याचा असेल आणि त्यातून नोकरी गेली तर काय, यावर आम्ही आज मत देत नाही.

या गोष्टीत अशी एक सहकारी आहे. एप्रिल २००४च्या सुरुवातीला तिने वरपर्यंत तक्रार केली होती की हा जागेवर सापडत नाही आणि तुटक बोलतो. त्यावर वरून आदेश आला होता की याच्या उपलब्धतेचा प्रश्न सुटेल अशी योजना आखा. कोण कधी असेल, कोण कोणाची ड्युटी भरेल, याचा काहीतरी कागद तयार व्हायचा होता. तो व्हायच्या आतच, २० एप्रिलला, स्टॉब जागेवर नसल्याची वर्दी एचआरकडे गेली. योजना कधीच बनली नाही. इतकी वर्षं त्या विभागात कवायतीच्या शनिवार-रविवारी कोण येत होतं, त्यांना बदली सुट्टी मिळाली का, हे निकालात कुठेच नाही. मी दोनदा शोधलं.